शोधनिबंधांचे बोगस बियाणे

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘यूजीसी-केअर’ या नावाने ओळखली जाणारी संशोधनपत्रिकांची यादी बंद केली, आणि कोणती पत्रिका विश्वासार्ह मानावयाची हे ठरविण्याचे काम विद्यापीठांवर व महाविद्यालयांवर सोपविले. त्यासाठी काही सूचक निकषही आयोगाने दिले. काही प्राध्यापकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तर आता रान मोकळे झाले अशी चिंता इतरांनी बोलून दाखविली. ज्या रोगावर ही यादी हा उपाय म्हणून आली होती, त्या रोगाचे निदान झाल्याखेरीज या दोन्ही प्रतिक्रियांचे मूल्यमापन करता येणार नाही.

ही प्राध्यापकांची घरगुती बाब आहे, असे सामान्य वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या निबंधांच्या गणनेवरून आपल्या मुलांचे शिक्षक निवडले जातात, ज्या निबंधांचे दाखले कर्ज, पीकविमा आणि सिंचन यांवरील अहवालांत दिले जातात, ते निबंध खरे की खोटे हा प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचाच मानला पाहिजे.

संशोधनपत्रिकेचे कार्य कोणते, हे समजून घेण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला फार दूर जावयास नको. लोणारचे विवर ज्वालामुखीने निर्माण झाले की अशनिपाताने, हा वाद दीर्घकाळ चालला. विवराच्या तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या, आणि भारतीय व अमेरिकन भूशास्त्रज्ञांचा त्यासंबंधीचा निबंध १९७३ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. तेव्हापासून पारडे अशनिपाताकडे निर्णायकपणे झुकले. पुढे विवराच्या वयाचा प्रश्न आला. १९९७ मध्ये एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे ठरले, तर २०११ मध्ये आर्गॉन वायूच्या समस्थानिकांच्या मोजणीवरून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचे मांडण्यात आले. दोन आकड्यांत दहापटीहून अधिक अंतर! तरीही यात कोणाची अप्रतिष्ठा झाली नाही. प्रत्येकाने आपली पद्धत व मोजमापे उघड मांडली होती, म्हणूनच दुसऱ्याला ती तपासता आली. चूक पकडता यावी अशा रीतीने लिहिणे आणि तसे लिहिलेले छापणे, हाच संशोधनपत्रिकेचा धर्म होय. निबंध छापण्यापूर्वी त्या विषयाच्या जाणकारांकडून तो तपासून घेणे हे त्या धर्माचे पहिले आचरण आहे.

मागणी कोणी निर्माण केली?

हा धर्म आपल्याकडे कसा ढासळला? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अशा वेळी प्रथम मागणीकडे पाहावे. आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांची निवड व पदोन्नती यांसाठी गुणांकनाची पद्धत आणली. निबंधाला गुण, पुस्तकाला गुण, परिसंवादाला गुण. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध झालेला असणेही आवश्यक ठरले. ही अट २०२२ च्या नियमांनी गेली. हेतू चांगला होता. परंतु ज्या ग्रामीण महाविद्यालयांत ग्रंथालयाला नवी नियतकालिके घेण्यास पैसा नाही, प्रयोगशाळा नावापुरती आहे, आणि अनेक अध्यापक तासिका तत्त्वावर काम करीत वर्ष काढतात, तेथेही तोच निकष लागू झाला. निबंधांची मागणी एकाएकी वाढली. निबंध निर्माण होण्याची साधने मात्र होती तेथेच राहिली.

ही तफावत भरून काढण्यास व्यापारी पुढे आला. आठ दिवसांत छपाई, प्रमाणपत्रासह, अमुक इतके शुल्क, अशा आशयाचे निरोप आज कोणत्याही अध्यापकाच्या भ्रमणध्वनीवर येतात. माझ्या परिचयाच्या एका तरुण अध्यापकाने अशा एका पत्रिकेकडे निबंध पाठविला, तेव्हा तो स्वीकारल्याचे पत्र दुसऱ्याच दिवशी आले. निबंधातील एक कोष्टक चुकून दोनदा जोडले गेले होते. छापून आलेल्या अंकातही ते दोनदाच होते. शुल्काचा हिशेब मात्र बिनचूक होता!

येथे बाजाराची रचनाच उलटी झालेली आहे. मासिक टिकावयाचे तर वाचकाला ते घ्यावेसे वाटले पाहिजे, आणि म्हणून संपादकाला निवड करावी लागते. या पत्रिकांना वाचकाची गरजच उरलेली नाही. पैसे लेखक देतो, प्रमाणपत्र निवड समिती मोजते, आणि मधला मजकूर कोणीच वाचत नाही. प्रत्येक नकार हा अशा प्रकाशकाचा तोटा असल्याने नकार देण्याचे कारणही नाहीसे होते. लेखकाकडून शुल्क घेणाऱ्या काही प्रामाणिक पत्रिकाही आहेत. तेव्हा दोष शुल्काचा नसून शुल्कासाठी परीक्षण सोडून देण्याचा आहे.

लेबल आणि उगवण

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाचा खरा कस फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असतो तेथे हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. आपल्या भागात मोटारींचे उदाहरण नको, कपाशीच्या बियाण्याचे पुरे. पिशवी तशीच, लेबल तसेच, किंमतही तीच. बियाणे बोगस होते हे कळते ते पेरणीनंतर, उगवण झाली नाही म्हणजे. तोपर्यंत हंगाम गेलेला असतो. संशोधनात तर उगवण पाहावयासही कोणी शेतावर जात नाही. जो अध्यापक दोन वर्षे गावोगाव हिंडून वीस प्रश्नांची पाहणी करतो त्याच्या निबंधाला, आणि जो दोन रात्रींत उसनवारीने निबंध जुळवितो त्याच्याही निबंधाला, गुण तेवढेच. मग पहिल्याने किती काळ हिंडत राहावे?

गुणवत्तेची खूणच नकली निघाली म्हणजे काय होते, हे आयोगाच्या यादीने दाखवून दिले. आयोगाने मान्य पत्रिकांची पहिली मोठी यादी २०१७ मध्ये केली. डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने तीत आलेल्या १,००९ पत्रिका तपासल्या. त्यांतील अवघ्या ११२ किमान कसोट्यांना उतरल्या. कोठे पत्ता नाही, कोठे संपादकांची नावे नाहीत, कोठे खोटी मानांकने. हा अभ्यास मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला आणि मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या. त्यानंतर २०१९ मध्ये पुणे विद्यापीठातील कक्षाच्या साहाय्याने नवी ‘केअर’ यादी आली. तेव्हा यादीतील प्रतिष्ठित पत्रिकांच्या नावाची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळे उभी राहिली. कडक लेबल आले की त्याचीही नक्कल होते, हे बियाण्याच्या बाजारात आपण पाहिलेच आहे.

हा प्रश्न केवळ आपला नाही, पण आपला वाटा त्यात मोठा आहे, हे कबूल केले पाहिजे. २०१३ मध्ये ‘सायन्स’च्या वतीने जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम चुका पेरलेला एक बनावट निबंध ३०४ पत्रिकांकडे पाठविला. १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला, आणि स्वीकारणाऱ्यांत भारतातील पत्रिका सर्वाधिक होत्या. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनसमूहाला अमेरिकेतील न्यायालयाने २०१९ मध्ये फसव्या व्यवहारांबद्दल पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

मोजणे सोडून वाचणे

यावर कोणी म्हणेल की, नामवंत पत्रिकांचे परीक्षण तरी कोठे निर्दोष असते? आक्षेप खरा आहे. ज्या अकरलॉफना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांचा वर उल्लेखिलेला निबंध तीन पत्रिकांनी परत केला होता. पण चुकणारे परीक्षण आणि नसलेले परीक्षण यांत मूलतः भेद आहे. पहिल्यात वाद घालता येतो, दुसरीकडे जाता येते; दुसऱ्यात घालावयास वादच नसतो.

चौर्याविरुद्ध आयोगाने २०१८ मध्ये नियम केले. साम्य दहा टक्क्यांहून अधिक झाल्यास कारवाईच्या पायऱ्या ठरविल्या. २०१९ मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन यांच्या नीतिमत्तेचा अभ्यासक्रमही आणला. दोन्ही गोष्टी योग्यच आहेत. परंतु यंत्र शब्दांचे साम्य मोजते. न केलेल्या पाहणीचे आकडे स्वतःच्या शब्दांत लिहिले असतील तर ते यंत्राच्या दृष्टीने निष्कलंकच ठरतात.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, निवड समित्यांनी निबंध मोजणे थांबवून वाचावेत. उमेदवाराने आपले सर्वोत्तम दोनच निबंध सादर करावेत आणि समितीने त्यांवर अर्धा तास त्याला प्रश्न विचारावेत. खोटा निबंध इतका वेळ तग धरणार नाही, आणि संख्येला किंमत उरली नाही म्हणजे व्यापाऱ्याचे गिऱ्हाईकही आटेल. दुसरी, पाहणीवर आधारलेल्या निबंधाची मूळ प्रश्नावली व नोंदी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवणे सक्तीचे करावे. उत्तरदात्यांची नावे अर्थातच झाकून. तिसरी गोष्ट मराठी पत्रिकांची. १८६७ पासून ‘विविधज्ञानविस्तार’ आणि १९४७ पासून वाईचे ‘नवभारत’ यांनी मराठीत गंभीर लेखनाची जी वाट घातली, ती परीक्षक, मुदत आणि अल्पसे अनुदान यांच्या बळावर विद्यापीठांनी पुढे न्यावी. मेहकर-चिखलीच्या शेतकऱ्यावरील निबंध मराठीत छापला गेला, तर तो खरा की खोटा हे सांगणारे परीक्षक गावागावांत सापडतील.

२००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. शेतकऱ्याच्या कर्जावर व मृत्यूवर त्यानंतर पुष्कळ लिहिले गेले. त्यांतील एखादे कोष्टक जरी कोणाच्याही घरी न जाता भरलेले असेल, तर तो केवळ नियमभंग नव्हे. ज्याच्या दारात आपण गेलोच नाही, त्याच्या नावावर आपण बढती घेतलेली असते. यादी गेली, हे खरे. पण सही करताना प्रत्येक अध्यापकाला हा प्रश्न स्वतःस विचारावाच लागेल, आणि त्या सहीखालचा निबंध समितीतील कोणीतरी वाचलेला असावा लागेल.