रमजानचे व्रत

उपवास हा शब्द आपल्या घरात इतका रुळलेला आहे की त्याच्या अर्थाकडे सहसा लक्ष जात नाही. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वास’ म्हणजे राहणे; परमेश्वराच्या सन्निध राहणे तो उपवास. अन्नत्याग हे त्याचे साधन होय, साध्य नव्हे. एकादशी आणि श्रावणी सोमवार पाळणाऱ्या घरांना हे निराळे सांगावयास नको. परंतु आपल्याच गावात, कित्येकदा आपल्याच आळीत, वर्षातून एक महिना जे कडक व्रत पाळले जाते, त्याच्या अंतरंगाची ओळख आपणांस कितीशी आहे? ईदला शेजारून शिरखुर्म्याची वाटी येते. तिच्यामागे उभे असलेले एकोणतीस-तीस दिवसांचे तप मात्र आपल्या दृष्टीआड राहते.

रमजान हा हिजरी कालगणनेतील नववा महिना. मक्केजवळच्या हिरा गुहेत महंमद पैगंबरांना कुराणाचे पहिले प्रकटीकरण याच महिन्यात झाले, अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे. पुढे हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इसवी सन ६२४ मध्ये, या महिन्याचे रोजे हे धार्मिक कर्तव्य ठरले. आपला मराठी महिना अमावास्येनंतर लागतो आणि हिजरी महिना चंद्रदर्शनाने. म्हणून दोहोंचा आरंभ एकाच सुमारास होतो. पण आपण अधिक मास धरून ऋतूंशी मेळ घालतो, तर हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. २०१२ साली तो आपल्या श्रावणाबरोबरच आला होता. हिवाळ्यातील लहान दिवस असो की वैशाखातील वणवा असो, व्रत तेच. सोयीचा ऋतू निवडण्याची मुभा येथे नाही.

पहाट फुटण्यापूर्वी सहरी घ्यावयाची आणि त्यानंतर सूर्यास्तापर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. तथापि हे व्रत निर्दय नाही. आजारी मनुष्य आणि प्रवासी यांना सवलत आहे. राहिलेले रोजे त्यांनी पुढे पुरे करावेत. वार्धक्यामुळे ज्याला ते कधीच शक्य नाही, त्याने प्रत्येक दिवसाबद्दल एका गरिबास जेवू घालावे.

रोज्याला अरबीत ‘सौम’ म्हणतात. आवरून धरणे हा त्याचा अर्थ. काय आवरावयाचे? इसवी सन ११११ मध्ये निवर्तलेले थोर तत्त्वचिंतक अल-गझाली यांनी रोज्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, देहाची भूक आवरणे. दुसरी, डोळे, कान, जिव्हा, हात, पाय यांना पापापासून आवरणे. तिसरी आणि सर्वांत कठीण, अंतःकरणाला ईश्वरावाचून अन्य विचारापासून आवरणे. जो असत्य सोडीत नाही, त्याच्या अन्नत्यागाची ईश्वराला गरज नाही, ही पैगंबरांची शिकवणही याच आशयाची आहे.

या व्रताचा आणखी एक विशेष मनन करण्याजोगा आहे. नमाज दिसते, दान दिसते, यात्रा दिसते. रोजा मात्र दिसत नाही. बंद दाराआड कोणी घोटभर पाणी प्याले, तर जगाला ते कळणार नाही. तरीही तहानेने कोरडा पडलेला मनुष्य ओंजळ पुढे करीत नाही. कारण पाहणारा एक आहे, हे तो जाणतो. ईश्वराच्या या अखंड जाणिवेला ‘तकवा’ म्हणतात, आणि कुराणाने रोज्याचा हेतू म्हणून तीच सांगितली आहे. पूर्वीच्या लोकांनाही उपवास सांगितले गेले होते, याचे स्मरणही कुराण त्याच ठिकाणी देते.

स्वतःची भूक ओळखली की दुसऱ्याची भूक परकी राहत नाही. वर्षभर साठून राहिलेल्या धनाचा चाळिसावा भाग जकात म्हणून द्यावयाचा असतो. अनेक जण तो रमजानमध्येच देतात. ईदच्या नमाजापूर्वी घरातील प्रत्येकाच्या नावे ‘फित्रा’ द्यावा लागतो, तो अशासाठी की त्या दिवशी गरिबाच्या घरीही चूल पेटावी. आपल्या आनंदाआधी दुसऱ्याचा घास, हा क्रम मोठा अर्थपूर्ण आहे.

दिवसभराची भूक रात्री दुपटीने भरून काढणाऱ्यांना गझालींनीच फटकारले आहे. तो शब्द आपल्यालाही लागू पडतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच घरात जन्मली. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस असे पान वाढले म्हणजे व्रत झाले काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या देवघरासमोर बसून स्वतःस विचारावा.

विनोबांनी अरबी शिकून कुराणाचे मुळातून अध्ययन केले आणि ‘कुराण-सार’ सिद्ध केले. त्यामुळे त्यांची गीतेवरील निष्ठा तिळमात्र उणी झाली नाही. आपला दिवा तेवत ठेवूनही शेजारच्या दिव्याचा प्रकाश ओळखता येतो. येत्या एकादशीला फराळाचा खर्च वाचवून एका भुकेल्याच्या पानात अन्न पडावे. शेजारच्या रोजेदाराचे तप आपणांस कळले, याची याहून निराळी खूण नको.