टॅक्सचा ग्राफ कधी काढून बघितलाय?

लिमिट, कंटिन्युइटी, डिफरन्शिएबिलिटी... बारावीची परीक्षा झाली की मंडळी हे शब्द विसरून जातात. माझ्या मते दोष त्यांचा नाही. सूत्रं पाठ करून घेतली जातात, ग्राफ वाचायला फारसं कोणी शिकवत नाही. आणि शिकवायला इन्कम टॅक्ससारखं दुसरं उदाहरण नाही!

२०२५-२६ ची नवी टॅक्स रेजीम घ्या. आडव्या अक्षावर करपात्र उत्पन्न, उभ्या अक्षावर टॅक्स. सेस, कॅपिटल गेन्स वगैरे सोडून देऊ. पहिले ४ लाख माफ, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के, मग १६ लाखांपर्यंत १५ टक्के.

रिबेट क्षणभर बाजूला ठेवा. ८ लाखांपाशी डावीकडून या किंवा उजवीकडून, टॅक्स २०,००० कडेच जातो. म्हणजे लिमिट आहे, ग्राफ सलग आहे. फक्त चढ बदलतो, रुपयामागे ५ पैशांचे १० पैसे होतात. कंटिन्युअस आहे, पण कोपरा आहे म्हणून डिफरन्शिएबल नाही. "स्लॅब ओलांडला की सगळ्या पगारावर जास्त टॅक्स" म्हणून घाबरणाऱ्यांनी हा कोपरा जरूर बघावा. तिथे उडी नाहीच!

आता रिबेट आणा. १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य. त्यापुढे एक रुपया गेला की जवळजवळ ६०,०००! डावीकडची लिमिट शून्य, उजवीकडची ६०,०००. ही खरी उडी. ती बुजवायला कायद्यात मार्जिनल रिलीफ आहे: १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त टॅक्स नाही. ग्राफ पुन्हा सलग झाला. झालं ना काम?

नाही. आता चढ बघा. १२ लाखांपासून साधारण १२,७०,५८८ पर्यंत जास्तीचा प्रत्येक रुपया टॅक्समध्ये जातो. बरोब्बर १२ लाखांवर असलेल्याला ५०,००० ची पगारवाढ मिळाली, तर हातात शून्य! उडी गेली, पण तिच्या जागी कडा आला. ग्राफची उंची सांगते एकूण टॅक्स किती, चढ सांगतो पुढच्या रुपयाचं काय होणार. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पगारवाढीच्या वेळी दुसराच महत्त्वाचा असतो.

एक सावधगिरी मात्र हवी. एक्सेलमध्ये लाखा-लाखाच्या अंतराने बिंदू घेतलेत तर १२ लाखांना शून्य आणि १३ लाखांना ७५,००० येतील, आणि एक्सेल मध्ये सरळ रेघ मारून मोकळं होईल. रिलीफ असो वा नसो, चित्र तेच! म्हणून संशयाच्या जागी झूम करून, जवळजवळचे बिंदू घेऊन बघायचं आणि मग नियम वाचून खात्री करायची.

ग्राफ आधी, सूत्र नंतर. पटतंय का बघा!