एका ऑक्सिजनचा फरक

बेळ्ळंदूरला आमच्या इमारतीत राहणारी बारावीतील एक विद्यार्थिनी परवा डीएनए आणि आरएनए यांतील फरकांचा तक्ता पाठ करत होती. दोन साखळ्या, एक साखळी, थायमिन, युरॅसिल, डीऑक्सिरायबोज, रायबोज. शेवटची ओळ तिने घाईने उरकली. माझ्या मते खरी गोष्ट त्याच ओळीत आहे.

रायबोज या शर्करेच्या दुसऱ्या कार्बनवर एक ऑक्सिजन अधिक असतो. तिथला हायड्रॉक्सिल गट शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करतो आणि साखळी तुटते. डीएनएमध्ये तो ऑक्सिजनच नाही, म्हणून डीएनए टिकतो. राखीगढी येथे पुरलेल्या, सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा जनुकसंच पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. साठाहून अधिक नमुन्यांपैकी एकातच पुरेसा डीएनए सापडला हे खरे. तरी त्या उष्ण मातीत आरएनएची आशा कोणी धरणार नाही.

पण नश्वरता हा आरएनएचा दोष नव्हे. संदेशवाहक आरएनए रायबोसोमपर्यंत प्रथिनाची कृती पोहोचवतो. तो विरला नाही, तर ते प्रथिन विनाकारण बनतच राहील. पेशीला आज्ञा हवी असते, शिलालेख नव्हे.

अडचण येते ती हा रेणू कुपीत भरल्यावर. फायझरच्या लशीला आरंभी उणे ७० अंशांची थंडी लागत होती. जून २०२२ मध्ये आपत्कालीन मान्यता मिळालेली पुण्याच्या जिनोव्हाची लस मात्र २ ते ८ अंशांत, म्हणजे साध्या फ्रिजमध्ये राहू शकते. आपल्या बातम्यांनी ‘पहिली स्वदेशी एमआरएनए लस’ एवढेच मिरवले. मला त्यातील शीतशुष्कीकरण अधिक मोलाचे वाटते: द्रावण गोठवायचे, निर्वातात त्यातील पाणी उडवून लावायचे आणि भुकटी उरू द्यायची. साखळीला वळण्या-वाकण्याची मुभा पाणी देते. ते गेले की तो आगाऊ ऑक्सिजन जागच्या जागी जखडतो. (भौतिकशास्त्रज्ञाला याचा आनंद जरा जास्तच होतो.)

मात्र ही लस आली तेव्हा देश २०० कोटी मात्रांच्या उंबरठ्यावर होता. १७ जुलैला तो टप्पा ओलांडलाही. आरएनए कुपीत कसा तुटतो, कशाने तगतो, या रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नांना निधी मिळायला हवा तो साथ नसलेल्या वर्षांत. म्हणजे आत्ता.