बोर्डावर नोंदणी क्रमांक कुठाय?

परवा बसस्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चालत गेलो. 'समुपदेशन केंद्र', 'माइंड कोच', 'हिप्नोथेरपी', असे पाच बोर्ड लागले. मुद्दाम थांबून वाचले. एकावरही नोंदणी क्रमांक नाही. मेडिकलवाल्याला लायसन्स दुकानात लावावं लागतं. माणसाच्या मनात हात घालणाऱ्याला मात्र काहीच नको?

चिडण्याचं कारण घरातलंच आहे. माझा चुलतभाऊ (त्याला विचारूनच लिहितोय) दोन वर्षं नैराश्याच्या गोळ्या घेत होता. बरा होता, कामावर जात होता. कुणीतरी त्याला अशाच एका 'कोच'कडे नेलं. त्याने दुसऱ्याच भेटीत सांगितलं, गोळ्या सोडा, आपण विचारांनी बरं करू. दहा सेशनचं पॅकेज, पैसे आधी. दीड महिन्यात भाऊ अंथरुणातून उठेना. काकू विहिरीकडच्या दाराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून झोपायला लागली. कोचला फोन केला तर म्हणे, "रिझल्टला वेळ लागतो."

लोक म्हणतात, आधी चौकशी करायची ना! अहो, ज्याला तीन-तीन रात्री झोप नाही तो काय चौकशी करणार? आणि घरच्यांना तरी कोण कोण असतं हे कुठे माहीत असतं? सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. त्याची नोंद मेडिकल कौन्सिलकडे असते. गोळ्या सुरू करणं, बंद करणं हे त्याचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, चाचण्या आणि थेरपी करतो. त्याची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे. राहिले समुपदेशक. त्यांच्यात उत्तम शिकलेले लोक आहेत, भांडण त्यांच्याशी नाही. पण वर्षानुवर्षं शिकून, देखरेखीखाली काम करून तयार झालेला आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेला, दोघांचे बोर्ड सारखेच दिसतात. घोटाळा तिथे आहे.

कायदे आहेत हो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार मिळण्याचा हक्क दिला. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या यादीत समुपदेशकही आले. यादीतून आमच्या बाजारपेठेतल्या बोर्डावर यायला अजून किती वर्षं? उलट १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनाला, आमच्या पुढाऱ्यांनी याच कोचला शाल-श्रीफळ दिलं. प्रमुख वक्ताही तोच!

आणि डॉक्टरसाहेब, तुमच्याकडेही येतो. भावाला विचारलं, तू त्याच्याकडे गेलासच का? म्हणाला, "दादा, तो तासभर ऐकून घ्यायचा. डॉक्टर मान वर न करता चिठ्ठी लिहितात." चार मिनिटांत पेशंट काढलात तर तो कोचच्याच दारात जाणार. गर्दी असते, मान्य. मग बोलायला एक शिकलेला माणूस तरी दवाखान्यात ठेवा.

तोवर आपण एवढं करा. पहिल्याच भेटीत विचारा, शिक्षण काय, नोंदणी कुठे, क्रमांक काय. समोरचा चिडला तर चप्पल घाला आणि निघा. डॉक्टर नसलेला माणूस गोळ्या बंद करा म्हणाला, तरीही निघा. कुठे जावं कळेना तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रीसुद्धा चालू, मराठीत बोलता येतं.

भाऊ परत जुन्या डॉक्टरांकडे जातोय. झोप लागायला लागलीय. पॅकेजमधल्या उरलेल्या चार सेशनचे पैसे कोचने अजून दिलेले नाहीत. मागायला उद्या मी जातोय.