परदेशातला एकांत

परदेशी गेलेल्या अबोल माणसाची दुहेरी कोंडी होते. अनोळखी गावात एकटेपणा आयताच मिळतो, एकांत मात्र राखावा लागतो. आठवडाभर परक्या भाषेत बोलून थकल्यावर शनिवार-रविवारी मराठी मंडळींचे स्नेहभोजन. न गेल्यास तो ‘शिष्ट’ ठरतो.

अशा वेळी हमखास रिल्केचा दाखला दिला जातो. १९०२ साली रोदँवर पुस्तक लिहिण्यासाठी तो पॅरिसला आला. त्या महानगराने तो धास्तावला. पुढे फ्रांत्स काप्पुस या तरुणाला धाडलेल्या पत्रांत त्याने एकांताचाच पुरस्कार केला. मात्र त्याच काळात त्याची लहानगी मुलगी आजोळी वाढत होती, हे आपण वर्गात शिकवताना गाळतो.

एकांताची किंमत पुष्कळदा दुसरेच कोणी मोजत असते. म्हणून तो चोरून नव्हे, सांगून घ्यावा, असे मला वाटते. आठवड्यातली एक संध्याकाळ घरच्यांशी बोलून ठरवावी. आमंत्रणाला सबब न सांगता नम्र नकार द्यावा. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत. पण त्यांचे देहू सुटले नाही. परदेशी निघालेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी रिल्केबरोबर हेही सांगतो.