पैसे माझे, पुस्तक कुणाचं?

शनिवार सकाळ. बाहेर म्युनिकचा किरकिऱ्या पाऊस, मशीनमध्ये आठवड्याचे कपडे, आणि माझं डोकं सरकलेलं. दोन आठवडे हा विषय मनात घोळतोय, तर आज लिहूनच टाकतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी किस्सा.

माझे मामा धुळ्याला असतात, गल्ली नंबर चारमध्ये. (धुळं माहीत नसलेल्यांसाठी: जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. न्यूयॉर्कवाल्यांनी उगाच भाव खाऊ नये.) मराठीचे मास्तर होते, आता रिटायर. मी शाळेत असताना मे महिन्यात जळगावहून एसटीनं एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचो, तो निम्मा आंब्यांसाठी आणि निम्मा मामांच्या पुस्तकांच्या कपाटासाठी. मला वाचायचा नाद लागला तो तिथं.

गेली काही वर्षं शुगरमुळे मामांचे डोळे अधू झालेत. छापील अक्षर दिसत नाही. वाचणाऱ्या माणसाचं वाचन सुटलं की तो कसा होतो ते ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना सांगायला नको. म्हणून चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून एक टॅब घेतला, अक्षर एवढं मोठं करून दिलं की पानावर जेमतेम आठ ओळी मावतील, आणि मामा परत वाचायला लागले. पुस्तकं माझ्या अकाउंटवरून, माझ्या कार्डानं. मामा माझ्या ‘फॅमिली ग्रुप’मध्ये. एकूण ४१ पुस्तकं झाली. सगळी मराठी, सगळी ‘विकत घ्या’ हे बटण दाबून घेतलेली.

मागच्या वर्षी मी इकडे आलो. काही महिने भारतातलं अकाउंट तसंच चालवलं. पण इथल्या बँकेचं अॅप, इन्शुरन्सचं अॅप, सगळं फक्त जर्मनीच्या स्टोअरमध्ये. तेव्हा एका रविवारी अकाउंटचा देश बदलला. बदलताना भलंमोठं टेक्स्ट आलं, खाली ‘सहमत’. दाबलं. (असली टेक्स्टं स्क्रीनवर चढवायचं काम मी स्वतः केलंय. ती कोणी वाचत नाही, आणि कोणी वाचत नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं.)

त्यानंतर तीन आठवडे मामांचा फोन नाही. शेवटी आई म्हणाली, “अरे, त्याला वाटतंय टॅब त्याच्या हातून बिघडला. तू एवढा महागाचा घेऊन दिला, आता तुला कसं सांगायचं म्हणून गप्प बसलाय.”

मामा एका कादंबरीत ६१ टक्क्यांवर होते. मी देश बदलला त्या दिवशी त्यांच्या टॅबवरची सगळी पुस्तकं गेली, कारण माझा देश जर्मनी, त्यांचा भारत, आणि एका ‘फॅमिली’त दोन देश चालत नाहीत. च्यायला, आमच्या गल्लीत अशी एक फॅमिली दाखवा जी एकाच देशात आहे! माझ्या स्वतःच्या अकाउंटवर ४१ पैकी २३ उरली. बाकीच्या १८ मुखपृष्ठांवर राखाडी पट्टी, ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’.

मामांना फोन करून समजावलं. अकाउंट, देश, लायसन्स वगैरे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पैसा तू दिन्हा ना? मंग पुस्तक कोनं शे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीच्या चॅटवर विचारलं. उत्तर आलं की सिस्टिम अपेक्षेप्रमाणे काम करते आहे, आपण भारतातल्या अकाउंटवरून ही पुस्तकं पुन्हा खरेदी करू शकता. पुन्हा! कंपनीचं नाव लिहीत नाही. एकीवर राग काढून उपयोग नाही, धंद्याची रीतच अशी आहे.

आता, कोणी तरी म्हणणारच की दुसरं अकाउंट काढायचं होतं ना. बरोबर. देश बदलण्याआधी जुन्या अकाउंटला हात लावू नका, नव्या देशासाठी नवं अकाउंट काढा, हा सल्ला फुकट घ्या. पण मी आठ तास कम्प्युटरसमोर बसून पोट भरणारा माणूस. मला सुचलं नाही, तर मामांना कुठून सुचणार?

इंजिनिअर म्हणून बघितलं तर यात गूढ काही नाही. पुस्तकाची फाइल कुलूपबंद असते. किल्ली तुमच्याकडे नसते, ती कंपनीच्या सर्व्हरकडून येते. सर्व्हर किल्ली देण्याआधी दोनचार गोष्टी तपासतो: अकाउंट कुठलं, देश कुठला, या देशात या पुस्तकाचे हक्क आहेत का. कुठेतरी टेबलमध्ये एक कॉलम आहे, त्यात ‘आयएन’चं ‘डीई’ झालं, आणि एक ‘इफ’ खोटा ठरला. एवढंच. खरेदीची तारीख, भरलेले पैसे, पावती, सगळं त्याच डेटाबेसमध्ये आहे. त्या कॉलमकडे बघणारी ओळ कोणी लिहिली नाही, कारण लिहायला कोणी सांगितलं नाही.

अटी आता वाचल्या. त्यात स्पष्ट आहे: तुम्ही पुस्तक घेत नाही, वाचायचा परवाना घेता. मग बटणावर ‘परवाना घ्या’ असं लिहा की! भाड्याला माझा विरोध नाही. स्टोरीटेल २०१७ साली भारतात आलं तेव्हापासून मराठी ऑडिओबुकं महिन्याच्या पैशावर ऐकायला मिळतात. पैसे थांबले की ऐकणं थांबतं, हे आधीच माहीत असतं. घर भाड्याचं आहे हे घरमालक पहिल्या दिवशी सांगतो. इथं खरेदीखताची किंमत घ्यायची, आणि आत अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंटही नाही.

खरा मुद्दा पुढे आहे. देश सोडलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न काय काल पडला? याचं उत्तर आपल्या सरकारनं कधीच देऊन ठेवलंय, आणि तेही रिझर्व्ह बँकेच्या भाषेत, म्हणजे जगातल्या सर्वांत रुक्ष भाषेत.

एरंडोल तालुक्यात आमची थोडी कपाशीची जमीन आहे, आजोबांकडून आलेली. मी परदेशात राहायला आल्यामुळे आता मला भारतात नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. पण जी आधीची आहे ती? ती माझीच. १९९९च्या फेमा कायद्याच्या सहाव्या कलमात लिहिलंय की भारतात राहत असताना घेतलेली किंवा वारशानं आलेली मालमत्ता माणूस बाहेर गेला तरी ठेवू शकतो. पीपीएफचं तेच. अनिवासी माणसाला नवीन खातं उघडता येत नाही, पण आधी उघडलेलं मुदत संपेपर्यंत चालू राहतं. बँकेतलं सेव्हिंग खातं? ते एनआरओ करावं लागतं. फॉर्म भरून वैताग येतो, सही जुळत नाही म्हणून दोनदा परत येतो, पण आतले पैसे तेवढेच राहतात. कोणी म्हणत नाही की आपले ६१ टक्के पैसे आपल्या नव्या देशात उपलब्ध नाहीत.

तत्त्व साधं आहे: तुम्ही कुठे राहता हे बघून नव्या खरेदीवर बंधन घाला, झालेल्या खरेदीला हात लावू नका. जे सरकारला कपाशीच्या रानासाठी जमतं ते जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांना दीडशे रुपयांच्या पुस्तकासाठी जमत नाही?

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे ‘प्रादेशिक हक्क’. प्रकाशकाकडे फक्त भारतापुरते हक्क असतात, जर्मनीत देता येत नाही, कंपनी तरी काय करणार. ही गोष्ट खोटी नाही. कॉपीराइट देशागणिक बदलतो. आपल्या अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींचं उदाहरण घ्या. गुरुजी १९५० साली गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो, म्हणजे १ जानेवारी २०११पासून ‘श्यामची आई’ इथं कोणीही छापू शकतो. तेच पुस्तक १९३५चं म्हणून अमेरिकेच्या हिशोबात, प्रकाशनापासून ९५ वर्षं धरून, २०३०च्या अखेरपर्यंत हक्कात. एकच श्याम, धुळ्यात मोकळा आणि डॅलसमध्ये बंदोबस्तात.

पण यातून काय निघतं? एवढंच, की पुस्तक *कुठे विकायचं* त्याला हद्द आहे. ते विकून झालं होतं हो! भारतात, भारतीय कार्डावर, रुपयांत, जीएसटीसकट. मी जळगावच्या सराफ बाजारात अंगठी घेतली तर दुकानदाराचा धंदा जळगावपुरता असेल, अंगठी नाही. ती घालून मी म्युनिकला उतरलो म्हणून बोटातून गळून पडत नाही. आणि गंमत म्हणजे मामा तर हललेही नव्हते. भारतात विकलेलं पुस्तक भारतातच, गल्ली नंबर चारमध्ये, वाचलं जात होतं. देश फक्त पैसे भरणाऱ्यानं बदलला.

दुसरं उत्तर पायरसीचं. कुलूप नसेल तर फुकट वाटतील. अहो, वाटतायतच. कुठल्याही मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुस्तकाचं नाव टाका, दहा मिनिटांत तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ येते. ती पीडीएफ जळगावात उघडते, म्युनिकमध्ये उघडते, मंगळावरही उघडेल. ज्यानं फुकट घेतली त्याचं पुस्तक शाबूत, ज्यानं पैसे मोजले त्याचं गायब. लेखकाला चार पैसे मिळावेत म्हणून धडपडणाऱ्या वाचकाला तुम्ही हे शिकवताय?

बरं, हा काही माझ्या एकट्याचा किस्सा नाही. २००९ साली ॲमेझॉननं लोकांच्या किंडलवरून विकलेलं ‘१९८४’ परत काढून घेतलं होतं, नेमकं तेच पुस्तक! विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणे. पैसे परत दिले, माफीही मागितली. मायक्रोसॉफ्टनं २०१९मध्ये पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. तिथंही पैसे परत. आपल्याकडे फ्लिपकार्टचं काय झालं ते वयानं थोडे मोठे असलेल्यांना आठवत असेल. त्यांचं गाण्यांचं दुकान २०१३ साली बंद झालं, पण गाणी साध्या एमपी३ फाइली होत्या. ज्यांनी उतरवून ठेवली त्यांच्याकडे ती आजही वाजतात. ई-पुस्तकं २०१५च्या शेवटी बंद केली, आणि वाचकांना दुसऱ्या कंपनीच्या, कोबोच्या, दारात नेऊन उभं केलं. एकच कंपनी, फरक फक्त कुलपाचा. आणि कुलूप घट्टच होत चाललंय. फेब्रुवारी २०२५मध्ये ॲमेझॉननं किंडलची पुस्तकं कम्प्युटरवर उतरवून यूएसबीनं टाकायची सोय काढून टाकली.

लहानपणी मामांनी मला राजवाडे संशोधन मंडळात नेलं होतं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या कागदपत्रांसाठी हे मंडळ उभं राहिलं. गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, वाळवीच्या तोंडून काढलेली दप्तरं. पेशवाई गेली, इंग्रज आले, इंग्रज गेले, कागद तिथंच, वाचायला कोणाची किल्ली लागत नाही. माझं पुस्तक मात्र पत्ता बदलला तेवढ्यानं गेलं.

काय व्हायला हवं? कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून कायदा आहे की, नुसता परवाना देत असाल तर तसं ठळक सांगा, नाहीतर ‘खरेदी’ हा शब्द वापरू नका. हे निम्मंच औषध झालं. पाटी बदलली, पुस्तक राहायचं नाहीच. युरोपात २०१८पासून नियम आहे की पैसे भरून घेतलेली सेवा दुसऱ्या युरोपीय देशात फिरायला गेलात तरी चालली पाहिजे. पण फिरायला. राहायला गेलेल्याचं त्यात काही नाही. आपल्याकडे २०२३च्या नोव्हेंबरात ग्राहकांना फसवणाऱ्या स्क्रीन-क्लृप्त्यांवर नियमावली आली, तेरा प्रकार नावानिशी मोजले. ‘विकत घ्या’ लिहून भाड्यानं देणं हा चौदावा घाला, आणि पुढे एक वाक्य: झालेली खरेदी ग्राहकाच्या पत्त्यावर अवलंबून राहणार नाही. राहणार असेल तर पैसे परत, किंवा कुलूप नसलेली फाइल द्या.

तोवर आपण काय करायचं? जो विक्रेता साधी फाइल देतो त्याच्याकडून आधी घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. आणि एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. अमेरिकेत १९९८च्या कायद्यानं, काही अपवाद सोडले तर, डिजिटल कुलूप फोडणंच बेकायदा आहे. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीनं आलेलं ६५अ कलम हेतू बघतं: कॉपीराइट मोडायच्या इराद्यानं कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. कायद्यानं मना नसलेल्या कामासाठी केलं तर तो गुन्हा धरत नाही. स्वतः पैसे मोजलेलं पुस्तक स्वतः वाचणं कोणत्या खात्यात बसतं, ते तुम्हीच ठरवा. मी वकील नाही, आणि अवजारांची नावंही सांगणार नाही. :-)

मामांचं सांगायचं राहिलं. मामेभावानं त्याच्या अकाउंटवरून नऊ पुस्तकं पुन्हा घेतली. पैसे मी देणार म्हटलं, मामांनी ऐकलं नाही, स्वतःच्या पेन्शनमधून दिले. ती अर्धवट राहिलेली कादंबरी त्या नऊत नाही. मामा म्हणाले, एकदा पैसे दिलेल्या पुस्तकाला मी दुसऱ्यांदा देणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. मग मामींनी वाचनालयातून छापील प्रत आणली, आणि आता रात्री जेवणानंतर त्या मोठ्यानं वाचून दाखवतात. मामी मधेमधे पात्रांना शिव्या घालतात, त्यामुळे वेळ लागतोय. काल विचारलं तर अजून चाळीस पानं बाकी होती, आणि प्रत सोमवारी परत करायची आहे.