कुलूप बंदुकीला, हक्काला नव्हे

घरातली बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती उठवावी, ती अंगावर बाळगायला परवाना लागू नये, अशी विधेयके अमेरिकेतल्या राज्यांच्या विधिमंडळांत वारंवार येतात. टेक्सासने 2021 मध्ये आणि फ्लोरिडाने 2023 मध्ये परवान्याची अट सोडली. आज अशी 29 राज्ये आहेत. समर्थकांचे म्हणणे तीन मुद्द्यांचे आहे. शस्त्राचा हक्क घटनेने दिलेला आहे. चोर घरात शिरल्यावर कुलूप उघडत बसायला वेळ नसतो. आणि नियम पाळतात ते सज्जन, गुंड नव्हेत. तिन्ही मुद्दे वरवर बिनतोड वाटतात. पुराव्यापुढे मात्र एकही टिकत नाही.

आधी घटनेचे पाहू. 2008 च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैयक्तिक शस्त्रहक्क मान्य केला आणि घरातले पिस्तूल सदैव निकामी ठेवायला लावणारा वॉशिंग्टनचा नियम रद्द केला. पण अपघात टाळण्यासाठी शस्त्रे कशी ठेवावीत हे सांगणारे कायदे या निकालाने बाद होत नाहीत, असेही त्याच निकालात नमूद आहे. 2022 च्या ब्रुएन निकालाने न्यूयॉर्कची जाचक अट मोडली, पण पात्र अर्जदाराला परवाना देणाऱ्या पद्धतींना हात लावला नाही. म्हणजे हे नियम हटवण्याची घटनेची मागणी नाही. ती आमदारांची आहे.

दुसरा मुद्दा धोका बाहेरून येतो असे धरून चालतो. 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे 46,700 माणसे मेली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे 27,300, आत्महत्या होत्या. शाळांमधल्या हल्ल्यांचा सीक्रेट सर्व्हिसने 2019 मध्ये अभ्यास केला, तेव्हा बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरूनच मिळवली होती. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत 2021 मध्ये चार विद्यार्थी मारले गेले, तेही पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती आलेल्या घरच्याच पिस्तुलाने. त्यानंतर त्या राज्याने, जिथे अल्पवयीन मुले वावरतात तिथे बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती 2024 पासून लागू केली. मुलांच्या हाती शस्त्र पडू न देणारे कायदे असले की तरुणांच्या आत्महत्या आणि अपघात घटतात, असा भक्कम पुरावा रँड संस्थेने केलेल्या संशोधनाच्या आढाव्यात सापडतो. आणि घाईच्या वेळेचे म्हणाल, तर बोटाच्या ठशाने क्षणात उघडणाऱ्या पेट्या बाजारात मिळतात.

राहिला गुंडांचा मुद्दा. ‘जास्त बंदुका, कमी गुन्हे’ हा जॉन लॉट यांचा दावा 1998 पासून गाजतो. नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2004 मध्ये तो तपासला. वाढ किंवा घट, कशालाच विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे अधिक वर्षांची आकडेवारी हाती आल्यावर जॉन डोनह्यू आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवले, की बंदूक बाळगणे सोपे करणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा 13 ते 15 टक्के जास्त निघाले. गुंड परवाना काढत नाहीत हे खरे. पण सज्जनाच्या गाडीतून चोरलेले पिस्तूल शेवटी त्यांच्याच हाती पडते.

म्हणून कुलूप आणि परवाना ही हक्कावरची बंधने नसून त्या हक्काबरोबर येणारी जबाबदारी आहे. टेक्सास-जॉर्जियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुलेही शेजाऱ्यांच्या घरी खेळायला जातात. तिथे मताचा अधिकार मिळालेल्यांनी मत मागायला येणाऱ्या आमदाराला एवढेच विचारावे: हा नियम हटवल्याने नेमका कोणाचा जीव वाचणार आहे? पुराव्यासह उत्तर मिळेपर्यंत नियम राहिलेच पाहिजेत.